सोलेनॉइड मागू नका, मोटरचा बॉल व्हॉल्व्ह मागा

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘गळती झाली की आपोआप पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह आहे का?’ असं विचारलं, की काउंटरमागचा माणूस ‘सोलेनॉइड ना?’ म्हणतो. आपल्याला शब्द ओळखीचा वाटतो, आपण मान डोलावतो आणि घोटाळा तिथेच होतो. एक सोलेनॉइड आणि दुसरा मोटरचा बॉल व्हॉल्व्ह; इलेक्ट्रिशियन दोन्हींना सोलेनॉइड म्हणतो, प्लंबर दोन्हींना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, ऑनलाइन विकणारे तर एकाच शीर्षकात दोन्ही शब्द कोंबतात. या दोन वस्तूंमध्ये नात्याचा संबंध नाही, आणि आपल्याकडच्या गच्चीवरच्या टाकीखाली त्यातली एकच धड चालते.

गळती ओळखणारा सेन्सर दोघांनाही तोच लागतो. फरशीवर ठेवायची डबी, खाली धातूचे दोन ठिपके, पाण्याने ते जोडले गेले की सिग्नल. त्यावर शब्द घालवत नाही. एवढंच सांगतो की नुसता बोंबलणारा सेन्सर घेऊ नका. तुम्ही गणपतीला कोकणात असताना तो पुण्याच्या बंद फ्लॅटमध्ये कोणासाठी बोंबलणार?

सोलेनॉइड तुमच्या ओळखीचा आहे. वॉशिंग मशीनमध्ये पाणी सुरू होताना ‘टक्’ होतं, तो हाच. आरओच्या पेटीतही असतो. मोटरचा बॉल व्हॉल्व्ह मात्र बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो. आपला नेहमीचा पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्या, त्याची लाल दांडी काढा आणि तिथे गिअर असलेली मुठीएवढी मोटर बसवा. मोटर आतला भोक असलेला गोळा पाव फेरा फिरवते, पाणी बंद. उलटी फिरली की चालू.

अर्धा इंची, पाऊण इंची, १२ व्होल्ट की २३०, हे दोघांतही मिळतं. सोलेनॉइड क्षणात बंद होतो, मोटरला ५ ते १५ सेकंद लागतात. विकणारा हा वेग फार मिरवतो. त्या १० सेकंदांत बादलीभर पाणी जाईल, जाऊ द्या. उलट प्रेशर पंपाच्या लाइनवर झटक्यात बंद होणारा व्हॉल्व्ह पाइपांना दणके देतो.

आता खरी गोम. पाणी बंद करण्याची ताकद येते कुठून?

बॉल व्हॉल्व्हमध्ये ती मोटरची असते. लाइनमध्ये पाण्याला जोर असो, नसो, पाइप कोरडा असो, गोळा फिरतोच. घराच्या लाइनसाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या सोलेनॉइडमध्ये मात्र ती ताकद खुद्द पाण्याची असते. कॉइल, म्हणजे वीज दिली की चुंबक होणारं तारेचं वेटोळं, फक्त इशारा करते. हे ऐकून कोणाचा विश्वास बसायचा नाही, म्हणून माझ्याकडे निकामी ठरलेला व्हॉल्व्ह मी उघडून लोकांना दाखवायचो. वरचे चार स्क्रू काढले की आत रबरी पडदा दिसतो, वाटीच्या झाकणासारखा. त्याच्या कडेला टाचणीने पाडावं तेवढं एक भोक. त्या भोकातून पाणी पडद्याच्या वर जाऊन साठतं आणि पडद्याला खाली दाबून धरतं. उघडायचं असतं तेव्हा कॉइल मधली बारीक कांडी उचलते, वरचं साठलेलं पाणी पुढे निसटतं, आणि खालच्या पाण्याचा दाब पडदा वर ढकलतो. बंद करताना कांडी खाली पडते, वर पुन्हा पाणी भरतं, पडदा बसतो. म्हणजे उघडायलाही पाण्याचा दाब हवा आणि घट्ट बसायलाही. आतली बारीकशी स्प्रिंग मदत करते, पण ती मदतच.

किती दाब हवा? माझ्या खोक्यावर बारीक अक्षरात ‘०.०५ ते ०.८ एमपीए’ असं छापलं होतं. ०.०५ वाचून वाटतं, हे तर काहीच नाही. पण ०.०५ एमपीए म्हणजे ०.५ बार, म्हणजे डोक्यावर साधारण ५ मीटर उंचीवर पाणी हवं. आमची इमारत तळमजला अधिक सहा, मी सहाव्यावर. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापासून माझ्या बाथरूमच्या माळ्यावरच्या कॉकपर्यंत जेमतेम ३ मीटर. म्हणजे ०.३ बार, तोही टाकी भरलेली असताना आणि सगळे नळ बंद असताना. शॉवर सुरू केला की त्यातलाही काही दाब पाइप आणि एल्बो खाऊन टाकतात. व्हॉल्व्ह बसवला त्या दिवशी शॉवरमधून करंगळीएवढी धार आली. प्लंबर म्हणाला, ‘साहेब, लाइनमध्ये हवा धरलीय.’ दोन दिवस आम्ही हवा काढत बसलो.

‘माझ्याकडे तर चार वर्षं मस्त चालतोय’ हे वाक्यही यातूनच येतं. म्हणणारा खोटं बोलत नसतो, खालच्या मजल्यावर राहत असतो. दर १० मीटरला साधारण १ बार, या हिशोबाने आमच्याच टाकीचं पाणी तळमजल्यावर २ बारच्या दाबाने पोचतं, आणि तिथे सोलेनॉइड गुणी बाळासारखा वागतो. तेव्हा कोणाची शिफारस ऐकण्याआधी त्याला मजला विचारा. वरच्या मजल्यांना प्रेशर पंप असेल तर गोष्ट वेगळी, पण पंप बंद पडला की व्हॉल्व्हचंही अवसान गळालं.

शून्य दाबावर चालणारे सोलेनॉइडही असतात, हे कोणीतरी सांगेलच. असतात. त्यात कॉइल पडदा स्वतः ओढते किंवा पाणी जायची मुख्य वाटच लहान ठेवलेली असते. एक इंची लाइनला तसा घ्यायचा तर कॉइल दांडगी लागते आणि किंमतही. मग मोटरने काय घोडं मारलंय?

विजेचा मुद्दा छोटा आहे, पण महिनाअखेर बिलात दिसतो. साधा सोलेनॉइड वीज नसताना बंद असतो. घरात पाणी सुरू ठेवायचं तर कॉइल चोवीस तास चालू ठेवायची. १५ वॉटची कॉइल महिन्याला ११ युनिट खाते आणि हात लावला तर चटका बसतो. वर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की डोक्याला साबण आणि नळ कोरडा. उलट जातीचा, म्हणजे वीज नसताना उघडा राहणारा घेतला, तर लाइट नसताना तो बंदच होऊ शकत नाही. मोटरला वीज लागते ती फिरण्यापुरती. मग आहे त्या जागी ती थांबते. राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडला की लाइट गेलेली असतानाही ती बंद करू शकते. लाइट जाताच आपोआप बंद होणारी मोटरही मिळते. ती घेऊ नका, कारण तोच साबण.

टँकरचं आणि बोअरचं पाणी आठवा. पडद्यातल्या टाचणीएवढ्या भोकात गाळ बसला की वर पाणी भरत नाही, आणि पडदा उघडाच राहतो. नेमक्या नको त्या बाजूला बिघडणारी वस्तू संरक्षणासाठी कशाला लावायची? बॉल व्हॉल्व्हलाही क्षार धरतात, सहा महिने न फिरलेला गोळा जाम होतो. म्हणून महिन्यातून एकदा तो फिरवायचा. काही कंट्रोलर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल घेऊन मोटर फिरवणाऱ्या पेट्या, हे स्वतःच करतात. मोटरवर हाताने फिरवायचा नॉब असलाच पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता व्हॉल्व्ह काढता येईल असा जोड, टाका. टाइलमागे व्हॉल्व्ह पुरणाऱ्या इंटिरिअरवाल्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट तपासा. परदेशी व्हिडिओंत घरात शिरणाऱ्या एकाच पाइपवर एक व्हॉल्व्ह लावतात आणि काम संपतं. आपल्या बऱ्याच इमारतींत प्रत्येक डक्टमधून वेगळी लाइन उतरते: एक स्वयंपाकघराची, एकेक बाथरूमची. एका व्हॉल्व्हने अख्खं घर वाचत नाही. एक-एक कॉक बंद करून कुठले नळ कोरडे पडतात ते पाहा, मगच किती व्हॉल्व्ह लागतील ते कळेल. पैसे एकाचेच असतील तर संडासाची लाइन धरा. जेट स्प्रेची नळी दिवसरात्र दाबाखाली असते आणि तिचा अँगल कॉक कोणी बंद करत नाही. आमच्याकडे फुटली ती हीच, आणि पाचव्या मजल्याच्या हॉलचं पीओपी खाली आलं.

माझा तो सोलेनॉइड मी तळमजल्याच्या काकांना देऊन टाकला. त्यांनी तो टायमर लावून बागेच्या नळीला जोडलाय. पहाटे सहाला टक् होतं आणि कुंड्यांना पाणी जातं. परवा लिफ्टपाशी भेटले तेव्हा म्हणाले, ‘इतका चांगला व्हॉल्व्ह तुम्ही काढलात का हो?’