पार्श्वभूमी : देवीचा वण आणि फडावरचं बाळ

सोलापुरातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या दंडावर अजून देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचा, वण दिसतो. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीतून ही लस टोचून दाखवली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती दिली गेली, भारतात पहिल्यांदाच. तरीही देवी देशातून जायला १९७५ साल उजाडलं.

एवढा उशीर का झाला, यातच खरा धडा आहे. १९६२ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू होती, कोट्यवधी लोकांना टोचलं गेलं. पण रोग सरासरी बघत नाही. जिथे न टोचलेली माणसं एकत्र राहतात, तिथे तो तग धरतो. शेवटी घरोघरी रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना लस देण्यात आली, तेव्हाच साखळी तुटली.

गोवराचं गणित याहून कडक. लस नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना गोवर देतो. म्हणून शंभरातले पंच्याण्णव सुरक्षित हवेत. तेवढे असले की विषाणूला पुढचं घर सापडत नाही, आणि नऊ महिन्यांच्या आतलं, अजून लस न मिळालेलं बाळही वाचतं. हीच सामूहिक प्रतिकारशक्ती. (धनुर्वाताला ती लागू नाही. तो मातीतून येतो, माणसाकडून नाही. तिथे ज्याची लस त्यालाच.)

आपल्या जिल्ह्यात मला काळजी वाटते ती ऊसतोडीच्या टोळ्यांची. दिवाळीनंतर कुटुंबं बैलगाड्या नाहीतर ट्रॅक्टरनं कारखान्याकडे निघतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमके ते महिने उसाच्या फडावर जातात आणि कार्ड गावाकडच्या पेटीत राहतं. एका तळावर अशी दहा-पंधरा पोरं जमली, तर जिल्ह्याचा आकडा कितीही चांगला असो, तळावरच्या त्या कोप्यांना (झोपड्यांना) त्याचा उपयोग नाही. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला, तोही लस चुकलेल्या मुलांमध्येच जास्त.

डोससाठी गावी परतावं लागत नाही. कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो. कार्ड हरवलं तरी मिळतो, आणि नववा महिना उलटून गेला असला तरी पाच वर्षांपर्यंत देता येतो. मुकादमांनी हे टोळीतल्या प्रत्येक आईला हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगावं.