मेदपेशींतील स्थानभेद

मानवी शरीरातील चरबी साठवणाऱ्या पेशी सगळीकडे एकसारख्या नसतात. कातडीखालच्या, आतड्यांभोवतीच्या, मांडी-नितंबांच्या, मानेजवळच्या आणि तळपायाच्या मेदपेशींचे आकारमान, संप्रेरकांना मिळणारा प्रतिसाद व भ्रूणातील उगम यांत फरक आढळतो. बोलीभाषेला हा भेद नवा नाही : ‘अंगावर चरबी चढणे’ वेगळे आणि ‘पोट सुटणे’ वेगळे.

मराठीत वसा, मेद व चरबी हे शब्द सरमिसळ वापरले जातात. त्यांपैकी चरबी हा फार्सीतून आलेला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शुद्ध मांसातील स्नेहाला (तेलकट अंशाला) वसा म्हटले आहे. मेद उदरात व लहान अस्थींत असतो आणि मोठ्या अस्थींत मज्जा, असे तेथील विधान आहे. मेदोवह स्रोतसांच्या, म्हणजे मेद वाहून नेणाऱ्या मार्गांच्या, मुळाविषयी मात्र संहितांत एकमत नाही. चरक वृक्क (मूत्रपिंडे) व वपावहन सांगतो, तर सुश्रुत वृक्क व कटी (कंबर). (दोन्ही संहितांचे आजचे संस्करण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावे.) वपावहन म्हणजे नेमके काय, यावर बराच खल झाला आहे. चरकाचा टीकाकार चक्रपाणी याने वपेचा अर्थ उदरातील स्निग्ध वर्तिका (वात) असा लावला. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींनी ती जठरापासून आतड्यांवर लोंबणारा जाळीदार पडदा मानली. पशुयागात वपा काढून तिची आहुती देण्याचा विधी पाहता हा दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. नाशिकच्या कोणत्याही मटणाच्या दुकानात सोललेला बोकड पाहिला तरी याचा उलगडा होतो. पाठीवर चरबीचा जेमतेम थर, गुरद्याभोवती पांढरा घट्ट गोळा आणि पोटावर विणल्यासारखी नाजूक जाळी. ही जाळी म्हणजेच वपा. माणसात प्रमाण उलटे असते. बहुतांश चरबी कातडीखालीच साठते.

नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक व आयुर्वेद दोन्ही येत असल्याने ‘मेद’ हा शब्द एकाच छपराखाली दोन अर्थांनी नांदतो. प्रस्तुत नोंदीत तो पेशीपुरता घेतला आहे.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व आहे, ही गोष्ट मार्सेयचे वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये मांडली. कमरेवर साठणारी ती पुरुषी ठेवण, नितंब-मांड्यांवर साठणारी ती स्त्री ठेवण. मधुमेह व धमनीविकार यांचा संबंध त्यांनी पहिलीशी जोडला. पुढे पेशींचा अभ्यास झाला तेव्हा याला आधार मिळाला. पेशींवर ॲड्रिनॅलीन या संप्रेरकाचा संदेश टिपणारे ग्राही असतात; त्यांपैकी बीटा ग्राही चरबी विरघळवतात, तर आल्फा-२ ग्राही त्याला लगाम घालतात. मांडी-नितंबांच्या पेशींत आल्फा-२चे पारडे जड असल्याने तेथील साठा सहजी हलत नाही. वपेतल्या पेशी सहसा आकाराने लहान, पण चरबी विरघळण्यावर इन्शुलिन घालत असलेल्या लगामाला कमी दाद देणाऱ्या असतात. भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक कातडीखालच्या पेशी अधिक स्रवतात. पेशी एका जागेहून काढून प्रयोगशाळेत वाढवल्या तरी मूळ जागेची जनुकीय खूण, विशेषतः भ्रूणात अवयवांच्या जागा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांची, बऱ्याच अंशी टिकते.

वपेतील व आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त प्रतिहारी (पोर्टल) शिरेतून थेट यकृतात जाते, म्हणून ती घातक, असे एक मत १९९०च्या सुमारास रूढ झाले. परंतु यकृतात पोहोचणाऱ्या मेदाम्लांचा (चरबी विरघळून सुटणाऱ्या घटकांचा) मोठा वाटा कातडीखालच्या चरबीतूनच येतो. त्यामुळे कातडीखालची कोठारे भरली की उरलेली चरबी आत सांडते, हे दुसरे मत अलीकडे अधिक ग्राह्य धरले जाते. भारतीयांना ते विशेष लागू पडते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली : दोघांचा देहभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन, बीएमआय) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी. धरतात. हे माप शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर घ्यावयाचे असते. पोटाखाली पट्टा बांधणाऱ्या गिऱ्हाइकाचे शिंपी घेतो ते माप येथे कामाचे नाही.

तपकिरी मेदपेशी साठवण्याऐवजी उष्णता निर्माण करतात. प्रौढांत त्या मान व गळपट्टीच्या हाडाजवळ कार्यरत असतात, हे २००९ मध्ये पक्के झाले.

टाचेच्या पेशींचे काम आणखी निराळे. त्या तंतूंच्या घट्ट कप्प्यांत बंद असतात आणि भार पेलतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी उपाशीपोटी, अनवाणी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्याच्या शरीराला इंधन मिळते ते बव्हंशी कातडीखालच्या साठ्यातून; टाचेतली गादी जागची हलत नाही.