बिलावर चुकीच्या दराने जीएसटी लावला असल्यास ग्राहकाने तक्रार कशी करावी

समजा, दादरच्या एखाद्या दुकानातून घेतलेल्या शर्टाच्या बिलात करपूर्व किंमत १,८०० रुपये आहे आणि त्याखाली सीजीएसटी ६ टक्के व एसजीएसटी ६ टक्के अशा दोन ओळी आहेत. दोहोंची बेरीज हाच कराचा दर. म्हणजे १२ टक्क्यांनी २१६ रुपये घेतले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के दर लागू असल्याने कर ९० रुपयेच व्हायला हवा होता. जास्तीचे १२६ रुपये परत मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

तक्रारीआधी चूक कोणत्या प्रकारची आहे हे ठरवावे, कारण त्यावरच दाद कोठे मागायची हे अवलंबून असते. वरील उदाहरण चुकीच्या दराचे झाले. पाकीटबंद वस्तूच्या छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे त्या किमतीवर वेगळा जीएसटी आकारल्यास वजन-मापे व छापील किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. सवलतीच्या नावाखाली किंमत कमी करून वर पुन्हा कर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये, जीएसटीपूर्वीच्या व्हॅट या विक्रीकराच्या काळातच, म्हटले होते. तिसरा प्रकार सहज लक्षात येत नाही: कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने स्वतःच कर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांची योजना) किंवा नोंदणीच नसलेल्या विक्रेत्याला ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. जीएसटी पोर्टलवर बिलावरील पंधरा अक्षरी क्रमांक टाकल्यास विक्रेत्याचा प्रकार दिसतो. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

पहिली पायरी दुकानदाराला लेखी कळवण्याची. ‘कर तर सरकारकडे भरला, आता कुठून देऊ?’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार जास्त आकारलेल्या कराची क्रेडिट नोट, म्हणजे मूळ बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, देऊन त्याला स्वतःचे करदायित्व कमी करता येते, मात्र त्यासाठी ग्राहकाला रक्कम परत द्यावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत पाळावी लागते.

दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे तडजोडीचा प्रयत्न होतो, आदेश निघत नाही. आदेश हवा असल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. मुंबई उपनगरातील रहिवाशांसाठी हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करता येते, त्यामुळे दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी अडत नाही. स्वतःच्या वापरासाठी खरेदी करणारा कोणीही पात्र आहे, पुनर्विक्रीसाठी घेणारा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

तक्रारीसोबत मूळ बिल, पैसे दिल्याचा पुरावा, वस्तूवरील किमतीच्या लेबलचे छायाचित्र, दुकानदाराशी झालेला पत्रव्यवहार, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि शपथपत्र जोडावे. बिल हा सर्वांत नाजूक कागद, कारण दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघणाऱ्या थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. म्हणून त्याच दिवशी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

वस्तू कोणत्या दरात मोडते यावरच खरा वाद असेल, तर तो कर अधिकाऱ्यांचा विषय आहे आणि ग्राहक आयोगाकडून तो सुटण्याची अपेक्षा धरू नये. अशा वेळी, तसेच वसूल केलेला कर भरलाच जात नसल्याचा संशय असल्यास, माझगावच्या जीएसटी भवनात बिलाच्या प्रतीसह लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.