सशर्त ईमेल फॉरवर्डिंग

मेल सर्व्हरवर आलेला मेल ठरावीक अटीत बसला, तरच तो दुसऱ्या पत्त्यावर रवाना करण्याची सोय. अट पाठवणाऱ्याचा पत्ता, विषय, एखादा हेडर (मेलच्या माथ्यावरची माहितीची ओळ) किंवा मेलचा आकार यांवर लावता येते. संगणकातल्या मेल प्रोग्रॅमचा फिल्टर तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच चालतो; सर्व्हरवरचा नियम मेल पेटीत पडण्याआधीच लागू होतो.

युनिक्सवर पूर्वी हे काम प्रोकमेल या मेल चाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे असे. आता अनेक ठिकाणी सीव्ह ही नियम लिहिण्याची भाषा वापरतात. तिचे प्रमाण २००१ साली आरएफसी ३०२८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून निघाले आणि २००८ मध्ये आरएफसी ५२२८ने त्याची जागा घेतली. सीव्ह मुद्दामच तोकडी ठेवली आहे. मूळ भाषेत लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारी रचना) नाहीत आणि बाहेरचा प्रोग्रॅमही चालवता येत नाही. म्हणूनच वापरकर्त्यांना सर्व्हरवर आपापले नियम लिहू देण्यात फारसा धोका नसतो.

‘विषयात बिल असेल तर हिशेब विभागाकडे पाठव’ हा नियम दोन ओळींत होतो, पण खाचखळगे तिथूनच सुरू होतात. सीव्हमध्ये नुसते ‘रिडायरेक्ट’ लिहिले की मेल पुढे जातो आणि मूळ पेटीत काहीच उरत नाही. प्रत हवी असेल तर ‘कॉपी’ जोडावे लागते किंवा वेगळे ‘कीप’ (पेटीत ठेव) लिहावे लागते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या हेडर-चेकमधले (हेडर तपासणाऱ्या नियमांतले) ‘रिडायरेक्ट’ तर त्या मेलच्या सगळ्याच प्राप्तकर्त्यांना लागू होते. शिवाय हेडर-चेक मजकूर डीकोड न करता, म्हणजे सांकेतिक रूप न उलगडता तपासतो. देवनागरीतला विषय सहसा बेस-६४ या सांकेतिक रूपात गुंडाळून येतो, त्यामुळे ‘बिल’ शोधणारा नियम तिथे गप्प बसतो. सीव्ह आधी डीकोड करते, म्हणून तिथे तोच नियम लागू पडतो.

खरी डोकेदुखी मेल बाहेरच्या डोमेनकडे वळवताना होते. पुढच्या सर्व्हरला मेल पाठवणारा आयपी पत्ता आपला दिसतो, पण लिफाफ्यावर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात त्या प्रेषकाच्या पत्त्यात, मूळ प्रेषकाचे डोमेन असते. त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवायची या आयपीला परवानगी आहे का हे पाहणारी एसपीएफ तपासणी तिथे फसते. एसआरएस पद्धतीने लिफाफ्यावरचा पत्ता बदलून आपल्या डोमेनचा केला की एसपीएफ पार पडते. मात्र डीमार्क ही तपासणी वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मधले डोमेन पाहते, त्यामुळे तिथे डीकेआयएम या मूळ डोमेनच्या डिजिटल सहीवरच भिस्त राहते. मजकूर बदलला तर ही सही जुळत नाही, म्हणून वाटेत मजकुराला हात लावू नये, तळाशी सूचनाही चिकटवू नये. स्पॅमची चाळणी फॉरवर्डच्या आधीच हवी, नाहीतर दुसऱ्याचा कचरा आपल्या नावावर जमा होतो.

दोन पेट्या एकमेकींकडे मेल वळवू लागल्या तर चक्र तयार होते. सर्व्हर प्रत्येक टप्प्यावर जोडले जाणारे ‘रिसीव्ह्ड’ हेडर मोजून ते चक्र तोडतो; पोस्टफिक्समध्ये मूळ मर्यादा ५० आहे. खाते बळकावणारेही पैशांच्या व्यवहाराचे मेल गुपचूप वळवणारा नियम लावून ठेवतात. नुसता पासवर्ड बदलून तो नियम जात नाही, तो शोधून काढावा लागतो.