प्लेअरमधली गाणी परत कॉम्प्युटरवर घेणं मुळात एवढं अवघड का झालं

माझी हार्ड डिस्क गेली तेव्हा सगळी गाणी फक्त खिशातल्या प्लेअरमध्ये, म्हणजे आयपॉडमध्ये, उरली होती, आणि मला वाटलं की केबल जोडायची, कॉपी करायचं, संपलं. प्लेअर जोडला तर सॉफ्टवेअर विचारतंय की यातलं सगळं पुसून या कॉम्प्युटरवरची लायब्ररी भरू का, आणि कॉम्प्युटरवरची लायब्ररी तर कोरी. घाबरून केबल उपटली. ज्या वायरीतून गाणी आत गेली त्याच वायरीतून ती बाहेर का येत नाहीत हे मला तेव्हा कळेचना, मग वाचत गेलो आणि लक्षात आलं की अडचण वायरीची नव्हतीच, हा दरवाजा एकाच बाजूनं उघडणारा ठेवला होता आणि तो तसा ठेवायला बरीच कारणं होती.

सुरुवात कॅसेटपासून करू. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला आला, आणि त्यातलं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, आजही नाही. हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घालायची (माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो), रेकॉर्डिंग चालू करायचं आणि कॅसेट वाजवायची. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं बसायचं. सुंसुं आवाज येतो, गाणी नंतर हातानं कापावी लागतात, पण येतात. रेकॉर्ड कंपन्यांना कॅसेटचीही भीती होतीच, फक्त कॅसेटची कॉपी मूळ कॅसेटपेक्षा खराब आणि त्या कॉपीची कॉपी त्याहून खराब, म्हणजे पसरण्याला आपोआप एक मर्यादा होती.

डिजिटल आलं आणि ती मर्यादा गेली. डॅट नावाची डिजिटल टेप १९८७ मध्ये आली, तिची शंभरावी कॉपीसुद्धा पहिल्यासारखीच. अमेरिकेत यावरून बरीच वर्षं ओढाताण झाली आणि १९९२ मध्ये कायदा झाला की डिजिटल रेकॉर्डिंग करणाऱ्या मशीनमध्ये अशी सोय हवी की मूळ सीडीवरून कॉपी होईल पण त्या कॉपीवरून पुढची कॉपी होणार नाही. पुढचं सगळं या कायद्याशी येऊन अडकतं म्हणून हे लक्षात ठेवा.

मग एमपीथ्री, म्हणजे गाणं दाबून छोट्या फाइलमध्ये बसवायची पद्धत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं, आणि फाइलच्या नावापुढे एमपी३ लावायचं हे जुलै १९९५ मध्ये ठरलं. हिशोब साधा आहे, सीडीवरचं एक मिनिट म्हणजे साधारण १० एमबी आणि १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीचं एक मिनिट म्हणजे साधारण १ एमबी. त्यामुळे गाणं खिशात मावेल अशा चिपवर बसायला लागलं. १९९८ मध्ये कोरियातल्या सेहानचा एमपीमॅन आला आणि त्याच वर्षी डायमंड मल्टिमीडियाचा रिओ पीएमपी३००, दोघांतही ३२ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी. रिओ तर प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडायचा.

रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं ऑक्टोबर १९९८ मध्ये रिओवर केस टाकली. त्यांचं म्हणणं असं की हे डिजिटल रेकॉर्डिंगचं मशीन आहे आणि १९९२च्या कायद्यातली कॉपी रोखणारी सोय यात नाही. जून १९९९ मध्ये अपील कोर्टानं निकाल रिओच्या बाजूनं दिला, कारण रिओ गाणं घेतो ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून, आणि हार्ड डिस्क ही काही फक्त गाण्यांची वस्तू नाही, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येत रिओ बसत नाही. आपल्याजवळची गाणी दुसऱ्या जागी नेऊन ऐकणं हा स्वतःच्या वापराचाच भाग आहे असंही कोर्टानं म्हटलं, या निकालावर पुढचा सगळा प्लेअरचा धंदा उभा राहिला. पण त्याच निकालात रिओचं वर्णन करताना लिहिलंय की हे यंत्र त्यातली फाइल परत कॉम्प्युटरवर, दुसऱ्या यंत्रावर किंवा इंटरनेटवर पाठवू शकत नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली कळीची जागा हीच. पहिला मोठा खटला जिंकणारा प्लेअर एकतर्फी होता आणि त्याचा एकतर्फीपणा कोर्टाच्या कागदावर नोंदला गेला, मग पुढचे प्लेअर बनवणारे दुसरी बाजू उघडायला कशाला जातील?

त्याच काळात रेकॉर्ड कंपन्या आणि इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी एकत्र येऊन एसडीएमआय नावाचा उपक्रम काढला आणि १९९९ मध्ये पोर्टेबल प्लेअरसाठी नियम आणले. गाणं प्लेअरवर ‘चेक-आउट’ करायचं आणि परत ‘चेक-इन’ करायचं, लायब्ररीतल्या पुस्तकासारखं, आणि एका गाण्याच्या बाहेर गेलेल्या प्रती मोजायच्या. २००० मध्ये त्यांनी आमची सुरक्षा तोडून दाखवा असं जाहीर आव्हान दिलं, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन यांच्या टीमनं बहुतेक सुरक्षा मोडून दाखवली, आणि पुढच्याच वर्षी तो उपक्रम थंडावला. पण चेक-इन चेक-आउटची सवय सॉफ्टवेअरमध्ये राहिली.

मिनीडिस्कवाल्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं. मिनीडिस्क म्हणजे सोनीची छोटी डिजिटल डिस्क, १९९२ची, आणि तिच्यावर माइक लावून रेकॉर्डिंग फार सुंदर व्हायचं, वादक, पत्रकार वगैरे मंडळी ती वापरायची. २००१ मध्ये कॉम्प्युटरला जोडता येणारी मिनीडिस्क, नेटएमडी, आली, यूएसबीची वायर लागली, गाणी झटपट आत जायला लागली, पण स्वतः माइकवर केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा त्या वायरीतून बाहेर काढता यायचं नाही, स्वतःचा आवाज, स्वतःची मैफल, आणि ती परत घ्यायला हेडफोनच्या भोकातून कॅसेटसारखं वाजवत बसायचं! २००४ मध्ये हाय-एमडी आलं तेव्हा नव्या रेकॉर्डिंगसाठी वाट थोडी उघडली, आणि जुन्या डिस्कवरची रेकॉर्डिंग थेट यूएसबीनं घेऊ देणारं मशीन, एमझेड-आरएच१, आलं २००६ मध्ये. तोपर्यंत लोक मिनीडिस्क सोडून निघून गेले होते.

अ‍ॅपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला आला, ५ जीबीची छोटी हार्ड डिस्क, फायरवायरची वायर, हजार गाणी. (त्याची वाजणारं गाणं तात्पुरतं ठेवायची बफर मेमरीच ३२ एमबी होती, म्हणजे पूर्ण रिओ त्या बफरमध्ये मावला असता.) डब्यातल्या प्लॅस्टिकवर ‘संगीत चोरू नका’ असं छापलेलं असायचं. आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरमधून गाणी आयपॉडमध्ये जायची, आणि तिथे ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ००, एफ०१ अशा उपफोल्डरांत वाटून ठेवलेली असायची, पुढच्या मॉडेलमध्ये तर फाइलचं नाव म्हणजे चार अक्षरांचा काहीतरी गोंधळ, आणि कुठलं गाणं कुठे आहे ते एका वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये. हे फक्त लपवायला केलं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. छोट्या प्रोसेसरला हजारो फाइल उघडून नाव वाचत बसण्यापेक्षा एक तयार यादी वाचणं सोपं जातं, आणि एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइल कोंबणंही बरं नाही. पण फोल्डर लपवायची गरज त्यातून येत नाही, ती रेकॉर्ड कंपन्यांना दिलासा द्यायची होती.

आणि सिंकचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा, कारण लोक इथेच फसतात. सिंक म्हणजे दोन्हीकडचं एकत्र करणं असं आपल्याला वाटतं, पण या प्लेअरच्या बाबतीत कॉम्प्युटर हा मूळ आणि प्लेअर ही त्याची सावली, मूळ कोरं असेल तर सावलीही कोरी होणार.

एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्सचं ऑनलाइन दुकान उघडलं, त्यातली गाणी फेअरप्ले नावाच्या कुलपात असायची आणि आधी तीन मग पाच कॉम्प्युटरवर चालायची. २००६ मध्ये आयट्यून्स ७ आलं आणि पहिल्यांदा आयपॉडमधून उलट कॉपी करायची अधिकृत सोय मिळाली, पण फक्त दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांसाठी. म्हणजे कुलूप असलेलं गाणं परत येणार, आणि मी स्वतः सीडी विकत घेऊन, रात्र रात्र बसून रिप केलेलं, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवलेलं, गाणं नाही येणार.

मग लोकांनी स्वतःच वाट काढली. मॅकवर सेन्यूटी नावाचं सॉफ्टवेअर आलं, इंग्रजीत आयट्यून्स उलटं लिहिलं की हेच नाव होतं आणि काम पण उलटंच. लिनक्सवर जीटीकेपॉड, विंडोजवरच्या विनअँप या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगइन, आणि प्लेअरचं मूळ सॉफ्टवेअरच बदलून टाकणारं रॉकबॉक्स. २००७ मध्ये नव्या आयपॉडच्या डेटाबेसला एक जास्तीची सही लागायला लागली आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरनं भरलेली गाणी दिसेनात, तर लोकांनी थोड्याच दिवसांत ती सही कशी तयार होते ते शोधून काढलं. पण त्याच वर्षी आयपॉड टच आला आणि त्याला ड्राइव्हसारखं उघडायची सोयच नव्हती.

दुसऱ्या बाजूला साधे यूएसबी ड्राइव्हसारखे दिसणारे प्लेअर होते, ओढा आणि टाका, परत ओढा आणि परत घ्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही कारण त्यांनी कधी त्रासच दिला नाही. मायक्रोसॉफ्टनं नंतर एमटीपी नावाची जोडणीची पद्धत आणली, त्यात कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाही, प्लेअर स्वतः फाइल हातात देतो. ते कुलूपवाल्या गाण्यांसाठी सोयीचं होतं, पण डिस्क अर्धवट काढून खराब होण्याचा धोकाही त्यानं गेला, आणि अँड्रॉइड फोननं पुढे तेच उचललं. म्हणून फोनमधली स्वतःची गाणी आज सहज परत येतात.

कुलपाचं सांगायचं तर फेब्रुवारी २००७ मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनी खुलं पत्र लिहून म्हटलं की कंपन्यांनी गाण्यांवरची कुलपं काढावीत, आणि २००९ मध्ये आयट्यून्सची सगळी गाणी कुलपाशिवाय मिळायला लागली. पण प्लेअरकडून कॉम्प्युटरकडे जाणारी वाट तेव्हाही उघडली नाही, एकदा पडलेली रचना तशीच राहिली, मॅकवर २०१९ मध्ये आयट्यून्स जाऊन सिंक फाइंडरमध्ये (मॅकवर फाइल बघायची खिडकी) आलं तरी.

माझी गाणी शेवटी त्या लपलेल्या फोल्डरमधूनच परत आली. सिंक आधीच बंद केलं, लपलेल्या फाइल दाखवायचं सेटिंग चालू केलं, आख्खा फोल्डर कॉपी केला, नावं विचित्र होती पण गाण्याचं नाव, गायक, अल्बम हे एमपीथ्रीच्या आतच टॅगमध्ये लिहिलेलं असतं, त्यावरून एका सॉफ्टवेअरनं सगळ्यांना नावं परत दिली. (तुमचा प्लेअर मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही, मॅकवरच जोडा, किंवा तसं वाचणारं वेगळं सॉफ्टवेअर घ्या.) ज्या फाइलमध्ये टॅगच भरले नव्हते त्या मात्र एकेक ऐकून ओळखाव्या लागतात, त्यातल्या बऱ्याचशा झाल्यात, काही जुनी घरगुती रेकॉर्डिंग अजून राहिलीयत.