बेन टेनचं घड्याळ आलं कुठून?

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराला महाशिवरात्रीची जत्रा भरते. खाजं आणि लाडवांची दुकानं संपली की खेळण्यांची लागतात, आणि पिपाण्या-फुग्यांच्या शेजारी एक हिरवं-काळं प्लास्टिकचं घड्याळ टांगलेलं असतं. वेळ बघायला ते कोणी घेत नाही. बाजूचं बटण दाबलं की भिंगातून उजेड पडतो आणि भिंतीवर रुपयाएवढं फिकट चित्र उमटतं: कधी चार हातांचा लाल राक्षस, कधी पेटलेल्या डोक्याचा कोणीतरी. तबकडी फिरवली की चित्र बदलतं. भर उजेडात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पोरं ते घेऊन माजघरात नाहीतर पांघरुणात शिरतात. लाइट गेली तर पर्वणीच.

हे घड्याळ ज्या मालिकेतलं, ती 'बेन टेन' अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर डिसेंबर २००५मध्ये सुरू झाली. दहा वर्षांचा बेन टेनिसन सुट्टीत आजोबा मॅक्स आणि चुलतबहीण ग्वेन यांच्याबरोबर गाडीतून देशभर भटकत असतो. आकाशातून पडलेल्या एका गोळ्यातून एक यंत्र उसळतं आणि त्याच्या मनगटाला चिकटतं. तेच ऑम्निट्रिक्स. तबकडी फिरवून थाप मारली की बेन परग्रहावरच्या दहा जिवांपैकी एक होतो. थोड्या वेळाने शक्ती संपते, आणि ती हमखास नको तेव्हाच संपते. जीव परग्रहांवरचे असले, तरी पहिल्या मालिकेत बेन अंतराळात फारसा जातच नाही. विल्गॅक्ससारखे शत्रूच घड्याळाच्या मागावर पृथ्वीवर येतात. २००८च्या 'एलियन फोर्स'मध्ये तो पंधरा वर्षांचा झाला आणि त्यानंतरच्या मालिकांतून त्याच्या ग्रहाग्रहांवरच्या फेऱ्या वाढत गेल्या.

मालिका रचली ती डंकन रूलो, जो केसी, जो केली आणि स्टीव्हन सीगल या चार कॉमिकलेखकांनी. 'मॅन ऑफ अ‍ॅक्शन' या नावाने ते एकत्र काम करतात. कॉमिकच्या जगात ही युक्ती जुनीच. डीसी या कॉमिक-कंपनीच्या 'हाउस ऑफ मिस्ट्री'च्या १९६६च्या एका अंकात रॉबी रीड नावाच्या मुलाला टेलिफोनसारखी तबकडी सापडते. ती फिरवून तो दर वेळी नवा हिरो होतो. ते यंत्र हातात धरायचं होतं, इतकाच फरक.

पण टीव्हीवरच्या उडणाऱ्या बालवीराचं मूळ शोधायचं तर जपानात जावं लागतं. ओसामु तेझुकाचा यंत्रपोरगा अ‍ॅटम १९५२पासून चित्रकथेत होता. १ जानेवारी १९६३ला तो फुजी टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि हातात पैसा बेताचा. मग तेझुकाने चित्रांची संख्याच छाटली. एकच चित्र अनेक चौकटी धरून ठेवायचं, बोलताना फक्त तोंड हलवायचं, उड्डाणाचं दृश्य जपून ठेवून पुन्हापुन्हा वापरायचं. ही काटकसरीची पद्धत पुढे जपानी टीव्ही-कार्टूनमध्ये रूढ झाली. कमी पडणारा पैसा प्रायोजकाकडून आणि मालाच्या विक्रीतून यायचा. मेइजी कंपनीच्या चॉकलेट गोळ्यांबरोबर अ‍ॅटमची स्टिकरं मिळत, आणि जपानी पोरांनी ती घरभर चिकटवली.

अ‍ॅटमची शक्ती मात्र त्याच्या अंगातच होती. स्टिकर चिकटवून कोणी अ‍ॅटम होत नाही. १९६७मध्ये जपानातच 'जायंट रोबो' आली. ती कार्टून नव्हे, माणसांची मालिका. तिच्यातला मुलगा अगदी साधा. मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडला की अवाढव्य रोबो उडत येणार. इथे शक्ती मुलातून निघून घड्याळात गेली, आणि घड्याळ विकत घेता येतं. माझ्या मते बेनचा खरा पूर्वज अ‍ॅटम नव्हे, हा मुलगा. अमेरिकेत तर पुढे गाडी उलटीच चालली: मॅटेलची ही-मॅनची खेळणी आधी बाजारात आली, कार्टून १९८३मध्ये मागून.

ही-मॅन आणि 'जायंट रोबो' ही दोन्ही आपल्याकडे दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात दाखवली. ती तळकोकणात पोचली कशी, ही गोष्टही अंतराळातूनच जाते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं खरं, पण मुंबईच्या मनोऱ्याच्या लहरी मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्या यायला! ३० ऑगस्ट १९८३ला चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला. त्याच्याकडून कार्यक्रम उचलून आसपास पसरवणारी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं देशभर उभी राहिली, तेव्हा कुठे चाकरमान्याने मुंबईहून आणलेल्या टीव्हीचं चीज झालं. कौलांवर अ‍ॅल्युमिनियमची अँटेना आली आणि ती वाकवणारी माकडंही आली. एकाने वर चढून काठी फिरवायची, दुसऱ्याने खळ्यातून ओरडायचं, 'इला, इला... गेला!'

कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ला आलं. आधी इंग्रजी, मग हिंदी. त्यामुळे घरात मालवणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या पोरांचं हिंदी कार्टूनवर पोसलं गेलं. केबल शहरगावांत फिरली, पण सुट्या-सुट्या वाड्यांपर्यंत तार ओढणं कोणाला परवडणार? तिथे घराघरावर डिशची छत्री लागली तेव्हाच बेन पोचला. मृगाची सर जोरात आली की छत्रीचे सिग्नल तुटतात, कारण त्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. जूनमध्ये बेनचं रूपांतर अर्ध्यावर अडकतं ते असं.

नातवंडांबरोबर मालिका बघणाऱ्या आजी-आजोबांना दहा रूपांचं काही नवल वाटलं नसावं. त्यांनी जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार बघितलेला. आख्यानाआधीच्या आडदशावतारात काळ्या मुखवट्याचा संकासूर वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो. पहाटेपर्यंत आख्यान चालतं, पण दहाच्या दहा अवतार काही रंगमंचावर येत नाहीत. बेनच्या घड्याळातही दहाचे पुढे कितीतरी जीव झाले. दोन्हीकडे दहा हा आकडा नावापुरताच. दशावतारी नट पेटाऱ्यातून साज काढून आपला चेहरा आपणच रंगवतो, आणि ते रूप घडायला वेळ लागतो. बेनला एक थाप पुरते. खेळण्याच्या धंद्याला ती थापच सोयीची.

म्हणून प्रत्येक नव्या मालिकेत घड्याळाचा घाट बदलत गेला. बांदाईसारखी कंपनी नव्या घाटाची खेळणी काढी, आणि आपल्या जत्रांतले विक्रेते नकली माल आणत. त्यामुळे एकाच दुकानात दोन-तीन पिढ्यांची घड्याळं शेजारी दिसतात, आणि कुठलं कुठल्या मालिकेतलं हे विक्रेत्यापेक्षा गिऱ्हाइकालाच जास्त ठाऊक असतं. २०१६मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा पोक्त होत चाललेल्या बेनला निर्मात्यांनी पुन्हा दहा वर्षांचा करून टाकलं. घड्याळ मागणारी पोरं त्याच वयाची असतात.