वेल्डिंग सोपे, वीटकाम अवघड

चाकणच्या एखाद्या मोटार कारखान्यातील बॉडी शॉपमध्ये, म्हणजे मोटारीचा सांगाडा जोडतात त्या विभागात गेले, तर तेथे माणसे शोधावी लागतात. पत्र्याचे सुटे भाग फिक्स्चरमध्ये, म्हणजे त्यांना ठरलेल्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीत, घट्ट पकडलेले असतात, दोन्ही बाजूंनी रोबोंचे हात पुढे येतात, तांब्याची दोन टोके पत्र्यांना चिमटीत धरतात आणि सेकंदाच्या काही अंशापुरता आठ-दहा हजार अँपिअरचा प्रवाह त्यांतून सोडला जातो. पत्रे एकमेकांना टेकतात त्या जागी विजेला होणारा रोध सर्वाधिक असल्यामुळे उष्णताही नेमकी तेथेच निर्माण होते, धातू वितळतो आणि थिजताना दोन्ही पत्रे एकजीव होतात. स्पॉट वेल्डिंगच्या अशा काही हजार टाक्यांवर मोटारीचा सांगाडा उभा राहतो.

तेथून पुण्याकडे येताना मोशी-चिखलीच्या पट्ट्यात जिकडेतिकडे इमारती उठत आहेत आणि त्यांतल्या एकेका साइटवर शेकडो माणसे राबत आहेत. हजारो अँपिअरचा खेळ यंत्राच्या हाती गेला आणि विटेवर वीट ठेवणे मात्र माणसाकडेच राहिले, हे वरवर पाहता उलटे वाटते.

याचे उत्तर रोबोच्या स्वभावात आहे. कारखान्यातील नेहमीचा रोबो फारसे पाहत नाही, की समजून घेत नाही. त्याला एकदा शिकवलेल्या बिंदूवर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या फरकाने दिवसभर परत परत येतो, एवढेच त्याचे सामर्थ्य. पत्रा त्याच जागी, त्याच कोनात मिळेल याची जबाबदारी फिक्स्चरची, आणि फिक्स्चर करणाऱ्या टूलरूमची. साइटवर असे काहीच स्थिर नसते. भट्टीतून आलेल्या दोन विटा सारख्या नसतात, एक जास्त भाजलेली तर दुसरी कडेला वाकलेली. मसाला सकाळी मऊ असतो, दुपारी घट्ट होतो. गवंडी वीट हातात घेतानाच तिची चांगली बाजू बाहेर वळवतो, दोरी पाहतो, थापीने टोला देऊन तिला बसवतो आणि विटेतली कसर सांध्याच्या जाडीत जिरवतो. दहा मिलिमीटरचा तो सांधा म्हणजे भिंतीतला हिशेबनीस. प्रत्येक थरातली चूक तो पुढच्या थरापर्यंत जाऊ देत नाही. यंत्राला हेच जड जाते. जे माणसाला सहज जमते तेच यंत्राला सर्वांत अवघड ठरते, असे संगणकशास्त्रज्ञ हान्स मोरावेक यांनी 1988 मध्येच नोंदवले होते. अमेरिकेत विटा लावणारा सॅम नावाचा रोबो तयार झाला, पण सांधे साफ करायला आणि कोपरे धरायला त्याच्याशेजारी गवंडी लागतोच.

या फरकाचा परिणाम देशाच्या रोजगारावर उमटला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार 2011-12 मध्ये देशातील कामकऱ्यांपैकी 12.6 टक्के लोक वस्तुनिर्माण उद्योगात आणि 10.6 टक्के बांधकामात होते. 2022-23 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे 11.4 आणि 13 टक्के झाले. म्हणजे शेती सोडून निघालेला माणूस कारखान्याच्या फाटकापेक्षा मजूर अड्ड्यावर अधिक पोहोचला. याचे सगळे खापर रोबोवर फोडणे मात्र बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार 2023 मध्ये भारतात 8,510 औद्योगिक रोबो बसवले गेले, तर त्याच वर्षी चीनमध्ये सुमारे 2,76,000. इतक्या थोड्या यंत्रांनी कोट्यवधींचा रोजगार हिरावला असे म्हणता येत नाही. माझ्या मते खरी अडचण निराळी आहे. आज जो कारखाना नव्याने उभा राहतो, तो जगाच्या बाजारात चालेल अशा दर्जाची यंत्रे पहिल्या दिवसापासून घेऊन येतो, मग मजुरी कितीही स्वस्त असो. त्यामुळे जुन्या काळी अशा कारखान्याने जेवढी माणसे घेतली असती, तेवढी तो घेतच नाही. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी विकसनशील देशांतील या अकाली ओसरणाऱ्या औद्योगिकीकरणाकडे दशकभरापूर्वीच लक्ष वेधले होते.

मग बांधकामाचा आसरा तरी टिकेल का? येथे रोबोकडे पाहत बसलो, तर खरा बदल नजरेतून निसटतो. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत आता ॲल्युमिनियमचे शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, सर्रास दिसते. त्याला साइटवर एका कंपनीच्या नावावरून मायवान असेच म्हणतात. प्रत्येक पॅनेलवर क्रमांक असतो, एक-दोन माणसे ते उचलू शकतात, आणि खिळ्यांऐवजी पिन व पाचर ठोकून ते एकमेकांना जोडले जातात. सळई बांधून झाली की भिंती आणि स्लॅब यांचे काँक्रीट एकाच वेळी ओतले जाते. भिंती पातळ आणि सळयांची दाटी फार, म्हणून काँक्रीटही असे लागते, की ते फारसे ठासावे न लागता आपल्या वजनाने कोपऱ्यापर्यंत वाहत जाईल. दुसऱ्या दिवशी भिंतीचे पॅनेल सुटतात आणि वरच्या मजल्यावर जातात. स्लॅबखालचे टेकू तेवढे मागे राहतात. जुन्या सेंट्रिंगने एका स्लॅबला दोन-तीन आठवडे लागत, येथे आठवड्याभरात मजला होतो. वीट नाही, म्हणून गवंडी नाही. काँक्रीटचा पृष्ठभाग गुळगुळीत निघतो, म्हणून प्लास्टरवालाही नाही.

म्हणजे यंत्राला गवंड्याचे काम शिकवण्याऐवजी ते कामच इमारतीतून काढून टाकले गेले. फिक्स्चरने पत्र्यासाठी जे केले, तेच पॅनेलने भिंतीसाठी केले: मोजमापाची अक्कल हातातून साच्यात गेली. पाचर ठोकणे काही दिवसांत शिकता येते, ओळंबा सांभाळायला मात्र वर्षे लागतात. त्यामुळे बिगाऱ्याने गवंड्याच्या हाताखाली राहून पुढे स्वतः गवंडी व्हायचे, मजुरी वाढवून घ्यायची, ही जी एक शिडी या धंद्यात होती, तिच्या मधल्या पायऱ्याच अशा साइटवर उरत नाहीत. बिहार-झारखंडातून ठेकेदारामार्फत आलेल्या टोळीला पॅनेल लावण्याचे काम लगेच मिळते, हे खरे; पण पाच वर्षांनीही ती तेच काम करीत असण्याची शक्यता मोठी.

या पद्धतीला तिची मर्यादाही आहे. ॲल्युमिनियमचा संच महाग असतो आणि तो शंभरावर वेळा वापरला तरच परवडतो; त्यासाठी एकसारखे मजले एकावर एक हवेत. तालुक्याच्या गावी दोन मजली घर बांधताना प्लॉट वाकडा असतो, मालक मध्येच खिडकी हलवतो आणि पैसा टप्प्याटप्प्याने येतो. तेथे संच कोणी नेत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थी आपले घर आपणच बांधून घेतो आणि गवंड्यांसाठी 45 दिवसांचे प्रशिक्षणही त्याच योजनेत ठेवलेले आहे. गवंड्याची मागणी त्यामुळे सध्या तरी लहान घरांकडे, म्हणजे जेथे मजुरी कमी आणि काम तुटक असते, तिकडे सरकते आहे.